बाहेरचं संकट आणि आतला प्लांट : आकडा ओलांडला तर पुढे काय?

उंचीमापी (धागाकर्ता)

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच. मी गेली काही वर्षं रिफायनरी, खत कारखाने, वीजकेंद्रं अशा ठिकाणी बाहेरून येणाऱ्या धोक्यांचा अभ्यास करायचं काम करतो. बाहेरून म्हणजे भूकंप, पूर, वादळ, त्सुनामी, वणवा, कडाक्याची थंडी, शेजारच्या प्लांटमधला स्फोट, वरून जाणारं विमान, म्हणजे कुंपणाच्या आत आपण काहीही चुकीचं केलेलं नसताना जे येऊन धडकतं ते सगळं.

प्रत्येक मीटिंगमध्ये मला पहिला प्रश्न हाच येतो की "पाणी किती चढेल ते सांगा". मी एक आकडा देतो, त्यात थोडी भर घालून भिंत बांधली जाते, रिपोर्टवर सह्या होतात आणि फाइल कपाटात जाते. पण त्या आकड्यापेक्षा एक वीत पाणी जास्त आलं तर आत सगळ्यात आधी काय बंद पडेल, आणि ते बंद पडल्यावर हातात काय उरेल, हे मला फार कमी ठिकाणी विचारलं गेलंय. माझ्या मते खरं मूल्यमापन तिथून सुरू होतं.

जपानचं फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला एक तपशील मला कायम छळतो. केंद्राच्या मूळ डिझाइनमध्ये त्सुनामीची उंची ३.१ मीटर धरलेली होती, पुढे २००२ मध्ये ती सुधारून ५.७ मीटर झाली. पहिल्या चार युनिटची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर. ११ मार्च २०११ ला पाणी आलं ते १४-१५ मीटरपर्यंत. इतकं बहुतेकांनी वाचलेलं असतं. आता पुढचं बघा. तिथे बऱ्याचशा डिझेल जनरेटरना थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागायचं आणि ते टर्बाइन बिल्डिंगच्या तळघरात होते, ते गेले. पण नंतरच्या काळात बसवलेले हवेने थंड होणारे तीन जनरेटर होते, युनिट २, ४ आणि ६ साठी एकेक. हे तिन्ही जनरेटर पाण्यात बुडाले नाहीत. तरी २ आणि ४ चे निरुपयोगी ठरले, कारण त्यांची वीज ज्या स्विचगिअर पॅनेलमधून पुढे जायची ती पॅनेल खाली तळघरात होती. सहाव्याचा जनरेटर आणि त्याचं पॅनेल दोन्ही वाचलं, त्या एकट्यावर युनिट ५ आणि ६ दोन्ही सांभाळली गेली.

म्हणजे इंजिन धडधाकट, डिझेल भरलेलं, आणि वीज पोचवायला वाट नाही. कोणीतरी जनरेटर वर ठेवायचा विचार केला होता हो, पॅनेलचा नाही केला.

इथे मेंटेनन्सवाले, ऑपरेशनवाले, सिव्हिलवाले बरेच आहेत. तुमच्या प्लांटमध्ये (नाव नको) हा प्रश्न कधी विचारला गेलाय का? मोकळेपणाने लिहा.

बसबार

इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये १६ वर्षं झाली. पॅनेलचं वाचून पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे हुबेहूब हेच होतं.

आमचा इमर्जन्सी डीजी सेट (डिझेल जनरेटर) चांगला उंच चौथऱ्यावर आहे, दर आठवड्याला टेस्ट रन होतो, ऑडिटवाले येतात आणि खूश होऊन जातात. त्याची केबल जिथे येऊन उतरते ते इमर्जन्सी पॅनेल मात्र मेन सबस्टेशनमध्ये, आणि सबस्टेशनचा फ्लोअर रस्त्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच. खाली केबल सेलर, म्हणजे केबलचं तळघर. एका पावसाळ्यात सेलरमध्ये गुडघाभर पाणी साठलं तेव्हा मी स्वतः टॉर्च घेऊन उतरलो होतो. पाणी वरून आलंच नव्हतं. बाहेरच्या केबल ट्रेंचमधून भिंतीला जे भोक पाडून केबल आत घेतलेल्या असतात, तिथून धो धो येत होतं. भोकात सहा केबल होत्या, सील केलेलं होतं, पण नंतर कधीतरी सातवी केबल टाकताना सील फोडलं आणि जागेवर चिंध्या कोंबून ठेवल्या. हाताने ओढली तर चिंधी बाहेर आली. दाराला मात्र पूर अडवायची मस्त स्टीलची फळी होती, रबर गास्केटसकट.

तेव्हा कळलं की आपण जे सिंगल लाइन डायग्राम (वीज कुठून कुठे जाते त्याचा नकाशा) बघून "दोन स्वतंत्र सोर्स आहेत" म्हणतो, त्या डायग्रामवर उंची कुठेच लिहिलेली नसते. कागदावर दोन रेघा वेगवेगळ्या, जागेवर दोन्ही पॅनेल शेजारी शेजारी, एकाच फरशीवर, एकाच पाण्यात.

उंचीमापी

@बसबार, "डायग्रामवर उंची लिहिलेली नसते" हे मी आता प्रत्येक ठिकाणी सांगणार आहे, परवानगी असू द्या. आम्ही वॉकडाऊनला, म्हणजे जागेवर फिरून पाहणीला जातो तेव्हा अगदी हेच करतो, हातात उपकरणांची यादी घ्यायची आणि प्रत्येकाच्या पुढे उंची लिहायची. मोटर टर्मिनल बॉक्सचा खालचा काठ किती, पॅनेलमधला सगळ्यात खालचा जिवंत भाग किती, बॅटरीचे स्टँड किती. मग खालून वर क्रम लावला की प्लांट कुठल्या क्रमाने मरणार ते एका पानावर दिसतं. त्या यादीत पहिल्या पाचात बॅटरी बँक किंवा डीसी पॅनेल (बॅटरीची वीज वाटणारं) आलं तर मला रात्री झोप लागत नाही, कारण डीसी गेलं की ब्रेकरही हलत नाहीत आणि कंट्रोल रूमला काही दिसतही नाही. फुकुशिमाच्या १, २ आणि ४ युनिटला तेच झालं, लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या आणून मीटर जिवंत केले.

रांगोळीतले ठिपके

मी संख्याशास्त्राची आहे, जलविज्ञानवाल्यांबरोबर काम करते. धागाकर्त्यांचा मुद्दा पटला तरी आकड्याला इतकं दुय्यम करू नका, कारण मुळात आकडाच बहुतेकांना नीट वाचता येत नाही.

"१०० वर्षांतून एकदा येणारा पूर" हे ऐकलं की माणसाला वाटतं आत्ताच येऊन गेला, आता १०० वर्षं निवांत. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी तो पूर यायची किंवा ओलांडला जायची शक्यता १ टक्का. प्लांटचं आयुष्य ४० वर्षं धरा. ४० वर्षांत एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा ४० वा घात, ती येते ६७ टक्के. म्हणजे तुमच्या प्लांटच्या हयातीत एकदा तरी हा पूर बघायची शक्यता ३३ टक्के. तीनातली एक! या आकड्यावर कोणी अमोनियाची टाकी उभी करेल का? अणुवीज केंद्रांसाठी म्हणूनच साधारण १०,००० वर्षांतून एकदाचा धोका धरतात, तिथे ४० वर्षांचा हिशेब ०.४ टक्क्यावर येतो.

आता दुसरी बाजू. १०,००० वर्षांचा आकडा काढायचा आणि हातात नोंदी ५०-६० वर्षांच्या. वक्र लांबवर ओढत न्यायचा. त्या टोकाला अनिश्चितता इतकी पसरते की मधली रेघ एकटी दाखवणं मला तरी प्रामाणिक वाटत नाही, पट्टा दाखवला पाहिजे. म्हणून जुने पुरावे शोधावे लागतात. गाळाचे थर, दगडावर कोरलेल्या खुणा, देवळातल्या नोंदी. जपानच्या त्या किनाऱ्यावर इसवी सन ८६९ मध्ये जोगान नावाने ओळखली जाणारी त्सुनामी येऊन गेली होती, तिची लिखित नोंद आहे आणि तिने आणलेल्या वाळूचे थर शास्त्रज्ञांना किनाऱ्यापासून बरेच आत सापडले होते, २०११ च्या आधीच. फुकुशिमा केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या २००८ च्या हिशेबात १५.७ मीटरपर्यंत पाणी चढू शकतं असं आलं होतं. आकडा होता, वापरला नाही. त्यामुळे "आकड्यांवर विसंबू नका" असं कोणी म्हटलं की मला त्रास होतो. तिथे आकडा आला होता, आणि त्यावर काम सुरू करायला तीन वर्षं हातात होती.

उंचीमापी

@रांगोळीतले ठिपके, मान्य. माझ्या लिहिण्यात ते निसटलं. आकडा हवाच, मी म्हणतोय तो आकड्यानंतरचा भाग. पण तुम्ही सांगितलेली २००८ ची गोष्ट पहिल्या पोस्टमध्येच यायला हवी होती.

खर्चाचा हिशेब

सगळं वाचतोय. मी प्रोजेक्ट साइडला आहे, त्यामुळे वाईटपणा घेऊन विचारतो. थांबायचं कुठे? भिंत ६ मीटर केली तर तुम्ही म्हणणार ७ आलं तर, ७ केली तर ८. उल्का पडली तर? कुठल्याही प्लांटला अमर्याद पैसा नसतो आणि तो पैसा आतल्या सुरक्षिततेतूनच कापला जातो. जुन्या गंजक्या पाइपलाइन बदलायच्या राहतात आणि दहा हजार वर्षांतल्या लाटेसाठी भिंत बांधायची, हे कुठल्या न्यायात बसतं?

उंचीमापी

@खर्चाचा हिशेब, वाईटपणा कसला, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायलाच हवा.

आधी चाळणी लावतात. धोक्यांची लांबलचक यादी करायची, मग जे त्या जागी शक्यच नाहीत ते काढायचे (समुद्र ३०० किलोमीटर लांब तर त्सुनामी कसली), जे इतके क्वचित की हिशेबाला येत नाहीत ते काढायचे, उल्का तिथे जाते. उरलेल्यांचा तपशीलवार अभ्यास. त्यात दोन वक्र असतात, एक सांगतो एवढा मोठा धक्का दर वर्षी किती शक्यतेने येईल, दुसरा सांगतो एवढा धक्का बसला तर हे अमुक उपकरण मोडायची शक्यता किती. दोन्ही एकमेकांत गुंफले की धोका निघतो. पैसा कुठे घालायचा ते या दुसऱ्या वक्रातून कळतं, आणि तिथे बहुतेकदा भिंत स्वस्त नसते पण दुरुस्ती स्वस्त असते.

कारण सगळी उपकरणं सारखी मोडत नाहीत. भूकंपात बऱ्याच गोष्टींना डिझाइनच्या वर भरपूर दम असतो. जपानच्याच काशिवाझाकी-कारिवा अणुकेंद्राला १६ जुलै २००७ च्या भूकंपात युनिट १ च्या पायाशी ६८० गॅल (जमीन हलण्याच्या जोराचं एकक) इतकं त्वरण नोंदलं गेलं, डिझाइनला धरलेलं होतं २७३. अडीचपट! तरी अणुभट्ट्या सुखरूप बंद झाल्या, सुरक्षेची मुख्य उपकरणं टिकली. मोडलं काय? युनिट ३ च्या बाहेरचा ट्रान्सफॉर्मर पेटला, कारण त्याच्याखालची जमीन खचली आणि जोडण्या ताणल्या गेल्या, आणि आग विझवायला गेले तर जमिनीतली फायर वॉटरची लाइन फुटलेली. दोनेक तास ट्रान्सफॉर्मर जळत होता.

पाण्याचं तसं नाही. पाणी काठाच्या खाली आहे तोवर नुकसान शून्य, काठ ओलांडला की एकदम सगळं. आमच्यात याला कडा म्हणतात, डोंगराचा कडा असतो तसा. भूकंपात उतार असतो, पुरात कडा असतो. मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की भिंत वाढवत बसू नका, कडा कुठे आहे ते शोधा आणि त्याचा उतार करा. पॅनेल दीड मीटर वर घ्या, भोकं सील करा, एक पंप असा ठेवा जो वेगळ्या उंचीवर आहे आणि वेगळ्या प्रकारे चालतो. सील करायला काय लागतं हो, एखाद्या भिंतीच्या तुलनेत काहीच नाही.

खर्चाचा हिशेब

भूकंपात उतार, पुरात कडा. हे समजलं. असं कोणी मीटिंगमध्ये सांगितलं असतं तर मी दोन प्रस्ताव नाकारले नसते कदाचित.

ओनागावा वाचक

भिंतीच्या बाजूनेही बोलतो थोडं. २०११ च्या त्याच भूकंपात ओनागावा अणुकेंद्र केंद्रबिंदूच्या फुकुशिमापेक्षा जवळ होतं. तिथली जमीन १४.८ मीटर उंचीवर निवडलेली होती, भूकंपाने किनारा साधारण एक मीटर खचला, लाट आली सुमारे १३ मीटरची. थोडक्यात वाचलं, पण वाचलं. आसपासच्या गावातले लोक केंद्राच्या आवारात आसऱ्याला येऊन राहिले होते. इतक्या उंच जागेचा आग्रह धरणारे हिराई यानोसुके त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि जोगानच्या वेळच्या त्सुनामीचा दाखला देत होते असं सांगतात. जागा निवडताना खर्च केला तो सगळ्यात स्वस्त पडला.

आणि तिथल्याच तोकाई २ अणुकेंद्राला भिंत वाढवून नुकतीच ६.१ मीटर केली होती, लाट आली ५.४ च्या आसपास. पण केबल-पाइपची काही भोकं बुजवायची बाकी होती, तिथून पाणी आत शिरून समुद्राच्या पाण्याचा एक पंप गेला. @बसबार, तुमची चिंधी आठवली.

आम्लराज

सगळी चर्चा अणुकेंद्रांकडे चाललीये म्हणून केमिकलवाल्यांतर्फे लिहितो. आमच्याकडे एवढं कडक काही नसतं आणि घटना जास्त होतात. नैसर्गिक आपत्तीने घडलेल्या औद्योगिक अपघाताला नॅटेक म्हणतात, हा वेगळा विषयच झालाय आता.

टेक्सासच्या क्रॉस्बीमधला आर्केमाचा प्लांट घ्या, ऑगस्ट २०१७, हार्वी वादळ. तिथे ऑरगॅनिक पेरॉक्साइड होते, हे थंडच ठेवावे लागतात, तापले की आपोआप विघटन होऊन पेटतात. म्हणजे तिथे कूलिंग हीच सुरक्षा. पाणी चढलं, वीज गेली, बॅकअप जनरेटर बुडाले, मग कामगारांनी पाण्यातून माल हलवून रेफ्रिजरेटेड ट्रेलरमध्ये भरला, मग पाणी आणखी चढलं आणि ट्रेलरचं रेफ्रिजरेशनही गेलं. शेवटी माणसं बाहेर काढली, सुमारे अडीच किलोमीटरचा परिसर रिकामा केला आणि लांबून बघत राहिले, ३१ ऑगस्टपासून ट्रेलर पेटत गेले. बघा, थर किती होते, ग्रिड, जनरेटर, ट्रेलर. कागदावर तीन. पाण्याच्या दृष्टीने एकच, कारण सगळे एकाच उंचीच्या आसपास उभे होते.

आता एक साधा हिशेब, टाकी तरंगण्याचा. लोकांना वाटतं एवढी जड टाकी कशी हलेल. ३० मीटर व्यासाची टाकी घ्या, तळाचं क्षेत्रफळ जवळपास ७०७ चौरस मीटर. स्टीलचं वजन समजा २०० टन. हे वजन उचलायला बाहेर फक्त २८ सेंटिमीटर पाणी पुरतं. आत अर्धा मीटर तेल असेल, घनता ०.८५, तर त्याचे आणखी ४२ सेंटिमीटर. एकूण ७० सेंटिमीटरच्या आसपास पाणी चढलं की टाकी तरंगायला लागते, म्हणजे मांडीपर्यंत पाणी! टाकी सरकली की खालच्या नोझलला जोडलेली लाइन तुटते आणि आतलं सगळं बाहेर. आत ३ मीटर तेल असतं तर पावणेतीन मीटरहून जास्त पाणी लागलं असतं. म्हणून पुराचा इशारा आला की टाक्या रिकाम्या करायच्या नसतात, भरून ठेवायच्या असतात, माल नसेल तर पाण्याने. आणि डाईक असतो ना टाकीभोवती, गळती अडवायला, तो बाहेरचं पाणी एकदा आत आलं की साठवून ठेवतो. कॅटरीनाच्या वेळी २००५ मध्ये लुइझियानात मेरोच्या रिफायनरीत अडीच लाख बॅरल क्षमतेच्या टाकीत साधारण ६५ हजार बॅरलच कच्चं तेल होतं, ती जागेवरून हलली आणि २५ हजार बॅरलहून जास्त तेल वस्तीत पसरलं.

नवी इंजिनिअर

@आम्लराज सर, हा हिशेब मी वहीत करून बघितला, बरोबर आला. आमच्या इमर्जन्सी प्लॅनमध्ये चक्क लिहिलंय की "पूर येण्याआधी टाक्यांची पातळी कमीत कमी करावी". बहुतेक सांडण्याचं प्रमाण कमी व्हावं म्हणून लिहिलं असेल. मी हे कोणाला सांगू, मला लागून आठ महिने झालेत.

आम्लराज

@नवी इंजिनिअर, तोंडी सांगू नकोस. एका टाकीचा हिशेब कर, ड्रॉइंगवरचं वजन आणि व्यास घे, एक पान कर आणि तुझ्या सेफ्टी हेडना मेल कर, सोबत प्लॅनमधलं ते वाक्य. आठ महिने का असेनात, आकडा आकडाच असतो.

रात्रपाळी

कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटर आहे, २१ वर्षं शिफ्टमध्ये. एक गोष्ट कोणी लिहिली नाही ती लिहितो. तुमच्या अभ्यासात "ऑपरेटर अमुक करेल" असं जे वाक्य असतं ना, ते करणारा मी. आमच्या प्लॅनमध्ये लिहिलं होतं की इशारा मिळाल्यावर फ्लड बॅरिअर लावायचे, वेळ २ तास. ड्रिल झालं ते सकाळी ११ वाजता, जनरल शिफ्टची सगळी माणसं हाताशी, हायड्रा क्रेन तयार, ऊन पडलेलं. पावणेदोन तासात झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं रात्री अडीचला आम्ही सहा जण असतो, त्यातले दोघं पॅनेल सोडू शकत नाहीत, क्रेनचा ड्रायव्हर घरी असतो आणि पाऊस असा की समोरचा माणूस दिसत नाही, तेव्हा कसं. पुढच्या वर्षी माझ्या आग्रहावरून रात्री ड्रिल घेतलं. पाच तास दहा मिनिटं लागली. दोन फळ्यांचे बोल्ट सापडले नाहीत, ते स्टोअरमध्ये कुलपात होते आणि किल्ली स्टोअर इन्चार्जकडे.

फ्रान्समधलं ब्लाये अणुकेंद्र, २७ डिसेंबर १९९९ ची रात्र, मार्टिन वादळ. भरती, वादळाने चढलेलं पाणी आणि त्यावर वाऱ्याने उठलेल्या लाटा असं सगळं एकत्र येऊन बंधाऱ्यावरून पाणी आत गेलं, युनिट १ आणि २ च्या तळघरातले पंप बुडाले, बाहेरच्या काही वीजवाहिन्या गेल्या, आणि केंद्राकडे येणारा रस्ता पाण्याखाली, त्यामुळे मदतीला माणसं पोचायला अडचण. आत जी पाळी होती तिच्यावरच भार. मला त्या पाळीतल्या लोकांबद्दल फार वाटतं. रिपोर्टमध्ये "मदत मिळेल" लिहिताना रस्त्याची उंचीपण लिहा, एवढीच विनंती.

रांगोळीतले ठिपके

@रात्रपाळी, दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपमध्ये वाचून दाखवला.

ब्लायेबद्दल एक भर. डिझाइनमध्ये भरती आणि वादळी पाण्याची वाढ धरली होती, वर वाऱ्याच्या लाटा खाडीत उठतील हे त्या हिशेबात पुरेसं आलं नव्हतं. आणि बंधारा वाढवायचं ठरलं होतं, काम पुढे ढकललेलं होतं. चाळणी लावताना एकेक धोका सुटा तपासतात, इथेच गफलत होते. भरती स्वतंत्र, वारा स्वतंत्र, असं मानून शक्यतांचा गुणाकार केला तर इतकी छोटी संख्या येते की दोन्ही एकत्र यायचं नावच नको. पण एकच वादळ पाणीही चढवतं, लाटाही उठवतं, झाडं पाडून वीजही तोडतं आणि रस्ताही बुडवतं. ती स्वतंत्र नाहीतच. भूकंपही तसाच. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कीत इझमितच्या रिफायनरीत चिमणी कोसळून एक आग, नॅफ्थाच्या टाक्यांना दुसरीकडे आग, आणि त्याच भूकंपाने पाणी आणणारी मुख्य लाइन तुटलेली. आग आणि पाणी नसणं या दोन्हीचं कारण एकच होतं, मग गुणाकार कसला करायचा.

बसबार

थंडीचं कोणी घेतलं नाही. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत साउथ टेक्सास प्रोजेक्ट या अणुकेंद्राचं युनिट १ ट्रिप झालं, जवळपास १३०० मेगावॉट गेले, तेही राज्यभर विजेची बोंब असताना. कारण काय तर फीडवॉटरचा (वाफ करायला जाणाऱ्या पाण्याचा) दाब मोजणारी बोटाएवढी सेन्सिंग लाइन गोठली. पाणी साकळलं, दाबाचं चुकीचं रीडिंग गेलं, पंप बंद, युनिट बंद. मोठी यंत्रं ठीक होती. बाहेरच्या धोक्याचा अभ्यास करताना सगळे मोठ्या गोष्टी बघतात, छतं, चिमण्या, टाक्या. इम्पल्स लाइन, लिमिट स्विच, एअर ड्रायर हे कोण बघतं?

तसंच इनटेकचं, म्हणजे बाहेरचं पाणी-हवा आत घ्यायच्या जागेचं. स्कॉटलंडच्या टॉर्नेस अणुकेंद्रात २०११ मध्ये जेलीफिशचे थवे पाण्याच्या जाळ्यांवर येऊन बसले आणि दोन्ही युनिट बंद करावी लागली. वणव्याचा धूर फिल्टरवर, ज्वालामुखीची राख डिझेलच्या एअर इनटेकवर. प्लांट श्वास कुठून घेतो आणि पाणी कुठून पितो ते बघा.

कुंपणाबाहेरची

मी तुमच्या क्षेत्रातली नाही. एका मोठ्या केमिकल प्लांटपासून दीड किलोमीटरवर राहते, मुलं लहान आहेत. तुम्ही सगळे आतलं बोलताय ते वाचून बरंही वाटलं आणि भीतीही वाटली. आम्हाला वर्षातून एकदा भोंगा वाजवून दाखवतात आणि एक पत्रक देतात, वायुगळती झाली तर खिडक्या बंद करा. मला एवढंच विचारायचंय की पूर किंवा भूकंप आला आणि त्यातच गळती झाली तर घरात कसं थांबायचं? घराला तडे गेले असतील, लाइट नसतील. आणि तो भोंगा तरी वाजेल का?

उंचीमापी

@कुंपणाबाहेरची, ताई, इतक्या वर्षांत मला कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. खरं सांगतो, बहुतेक ऑफसाइट प्लॅन (कुंपणाबाहेरच्या लोकांसाठीचे) असे लिहिलेले असतात की प्लांटला काहीतरी झालंय आणि बाहेरचं जग व्यवस्थित चालू आहे. फायर ब्रिगेड मोकळी आहे, रस्ते मोकळे, फोन लागतात. नॅटेकमध्ये यातलं काहीच नसतं. क्रॉस्बीतही प्लांटजवळचा हमरस्ता चालू ठेवावा लागला कारण बाकीचे रस्ते पुरात होते, आणि धुराचा त्रास होऊन २१ जणांना डॉक्टरांकडे जावं लागलं.

तुम्ही विचारायचे प्रश्न सांगतो. भोंग्याला स्वतःची बॅटरी आहे का आणि ती कुठल्या उंचीवर आहे. ग्रिड गेल्यावर किती तास चालते. पुराच्या वेळी गळती झाली तर सूचना तीच की वेगळी. पूर आणि गळती एकत्र असा सराव कधी झालाय का. हे लेखी विचारा, एकट्या नको, शेजारच्यांना घेऊन. उत्तर देणं त्यांना अवघड जाईल असं समजू नका, आतले सेफ्टीवाले बहुतेकदा असा प्रश्न बाहेरून यायची वाटच बघत असतात, कारण मग त्यांना वरती मंजुरी मागता येते.

आम्लराज

सहमत. आणि ताई, शेजारच्या प्लांटचाही विचार केलाय का विचारा. आमच्याकडे एकदा अभ्यासात निघालं की आमच्या कंट्रोल रूमची फ्रेश एअर इनटेक शेजारच्या युनिटच्या क्लोरीन शेडच्या बरोबर वाऱ्याच्या दिशेत होती. त्यांच्याकडे गळती झाली तर आमचा ऑपरेटर आधी बेशुद्ध पडणार, मग आमचा प्लांट कोण बंद करणार. डक्टमध्ये डिटेक्टर आणि आपोआप बंद होणारा डॅम्पर बसवला. आपण शेजाऱ्याचा बाह्य धोका आणि शेजारी आपला.

खर्चाचा हिशेब

एक प्रामाणिक शंका. तात्पुरते बॅरिअर घेतले तर? पाण्याने फुगवायचे रबरी बांध मिळतात, भिंतीपेक्षा खूप स्वस्त.

उंचीमापी

वापरतात, उपयोगही होतो, पण त्याच्यावर शेवटची आशा ठेवू नका. अमेरिकेत नेब्रास्कातल्या फोर्ट कॅल्हून अणुकेंद्राला २०११ च्या मिसूरी पुरात असाच पाण्याने भरलेला बांध लावला होता. २६ जूनला तिथेच काम करणाऱ्या एका यंत्राचा धक्का लागून तो फाटला आणि पाणी थेट इमारतींच्या भिंतींना लागलं. केंद्र आधीपासून बंद होतं. आणि आदल्या वर्षी नियामकांनी पूरतयारी अपुरी आहे म्हणून झापलं होतं, त्यामुळे दारं-भोकं यांच्यावर काम झालेलं होतं, म्हणून निभावलं. बांध गेला तरी आतला दुसरा थर उभा होता.

नवी इंजिनिअर

अपडेट. मेल पाठवली होती. सेफ्टी हेडनी बोलावलं, मला वाटलं बोलणी खावी लागणार. त्यांनी टाक्यांची यादी काढून दिली आणि म्हणाले सगळ्यांचा कर. १४ टाक्यांपैकी ५ टाक्या एक मीटरच्या आत तरंगतात, दोन जवळपास नेहमीच रिकाम्या असतात. प्लॅनमधलं वाक्य बदलायला घेतलंय. पाणी भरायचं तर किती वेळ लागेल तेही काढायला सांगितलंय, एका टाकीला ९ तास येतायत, इशारा किती आधी मिळतो ते आता @रांगोळीतले ठिपके ताईंनी सांगावं.

रांगोळीतले ठिपके

@नवी इंजिनिअर, नदी कुठली आणि वर धरण आहे का ते व्यनि कर. लहान पाणलोट असेल तर ९ तास मिळणार नाहीत, त्या दोन टाक्या सीझनभर भरूनच ठेवाव्या लागतील. आणि तळाशी अँकर आहेत का ते जाऊन बघ, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नकोस.

बसबार

मीपण काल सबस्टेशनचा सेलर परत बघितला. अकरा भोकं मोजली, आठ सील आहेत, तीन उघडी, त्यातलं एक गेल्या महिन्यात सीसीटीव्हीची केबल टाकताना फोडलेलं. आजपासून कामाच्या परमिटवर एक ओळ वाढवून घेतलीये, भिंतीतून केबल नेली असेल तर सील केल्याचा फोटो जोडल्याशिवाय परमिट क्लोज होणार नाही. इमर्जन्सी पॅनेल वर घ्यायचा प्रस्ताव टाकलाय, पुढच्या शटडाऊनमध्ये बघू.

रात्रपाळी

@बसबार, तो प्रस्ताव टाकताना बॅरिअरच्या बोल्टची एक जादा पेटी कंट्रोल रूममध्ये ठेवायचंही लिहा. आम्ही आमची ठेवलीये, पॅनेलच्या मागे, कुलूप नाही.